वाचकांचे प्रश्न : वैमानिक होण्यासाठी परदेशी जाताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये परदेशातील वैमानिक प्रशिक्षणाबद्दलची पत्रे इतकी झाली आहेत की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे वाटले. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत आणि सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे देताना एक गोष्ट गृहीत धरली आहे : प्रशिक्षण परदेशात घेतले, तरी नोकरी भारतातील विमान कंपनीत करायची आहे. त्यामुळे शेवटी हातात हवा तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा व्यावसायिक वैमानिक परवाना. परदेशी परवाना हा त्या वाटेवरचा एक टप्पा आहे, हे मनात पक्के ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही विषय तिचे होते. एका सल्लागार संस्थेने आम्हाला परदेशातील प्रशिक्षण संस्थेचे ‘पॅकेज’ सांगितले असून महिनाअखेरपर्यंत सर्व रक्कम एकदम भरल्यास मोठी सवलत देऊ, असे म्हटले आहे. रक्कम भरण्यासाठी मुदत ठेवी मोडाव्या लागतील. सवलत घ्यावी का? आणि नेमकी सुरुवात कुठून करावी? – एक पालक

उत्तर : कृपया ठेवी मोडू नका. सवलत कितीही आकर्षक असली, तरी उड्डाणाचा एकही तास झालेला नसताना, व्हिसा मिळालेला नसताना आणि मुलगी वैद्यकीयदृष्ट्या पात्र आहे की नाही हे ठाऊक नसताना सर्व रक्कम दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे घरातील सगळी सुरक्षितता एका पावतीवर सोपवणे होय. पैसे झालेल्या तासांच्या मागोमाग जावेत, तासांच्या पुढे धावू नयेत. या क्षेत्रात इतकी वर्षे काढल्यानंतर पालकांना मी कळकळीने सांगतो ती गोष्ट हीच आहे.

सुरुवात वैद्यकीय तपासणीपासून करा. आधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून ‘क्लास टू’ तपासणी होते, त्यानंतर उमेदवाराला डीजीसीएकडून फाइल क्रमांक मिळतो आणि मग मान्यताप्राप्त केंद्रात ‘क्लास वन’ तपासणी करता येते. व्यावसायिक परवान्यासाठी ‘क्लास वन’ लागतेच. या तपासणीत डोळे, रंगज्ञान, कान, हृदय, रक्त, लघवी, छातीची क्ष-किरण तपासणी असे सारे बारकाईने पाहिले जाते आणि एखादी त्रुटी आढळली तर तात्पुरते अपात्र ठरवून पुन्हा बोलावले जाते. यात कधी काही आठवडे, कधी काही महिने जातात. प्रशिक्षणाच्या एकूण खर्चाच्या तुलनेत ही तपासणी नगण्य रकमेत होते, तरीही कित्येक घरांत ती शेवटी केली जाते. मुलीचे ‘क्लास वन’ हाती येईपर्यंत कोणत्याही संस्थेला नोंदणी शुल्कापलीकडे एक रुपयाही देऊ नका.

दुसरी पायरी संगणक क्रमांकाची. डीजीसीएच्या लेखी परीक्षांना बसण्यासाठी हा क्रमांक लागतो आणि त्यासाठी बारावीची गुणपत्रिका संबंधित मंडळाकडून पडताळून घ्यावी लागते. मंडळाकडून पत्र येण्यास वेळ लागत असल्याने अर्ज आजच करावा. त्यानंतर एअर नेव्हिगेशन (दिशा व मार्ग ठरवणे), हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स (हवाई वाहतुकीचे नियम) आणि टेक्निकल (विमानाची तांत्रिक माहिती) या विषयांचा अभ्यास इथेच सुरू करावा. प्रत्येक विषयात उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. परदेशी परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करणाऱ्यांना नेव्हिगेशन व हवामान यांची एकत्रित प्रश्नपत्रिका आणि एअर रेग्युलेशन्स अशा दोनच परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून पुष्कळ जण अभ्यास ‘परत आल्यावर पाहू’ असे म्हणून ढकलतात. माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे.

तिचे कारण सविस्तर सांगायला हवे. डीजीसीएकडे परवान्यासाठी अर्ज करताना उमेदवाराने एकूण किमान २०० तास उड्डाण केलेले असावे लागते आणि हे तास अर्जापूर्वीच्या ५ वर्षांतील असावे लागतात. त्यांपैकी किमान १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, म्हणजे पायलट-इन-कमांड म्हणून झालेले असावेत आणि त्यांतील निदान १५ तास अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतले असावेत. दिवसाची व रात्रीची उड्डाण चाचणी, दिवसा किमान २५० नॉटिकल मैलांची आणि रात्री १२० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या पल्ल्याच्या उड्डाणाची, चाचणी यांनाही तोच ६ महिन्यांचा नियम आहे. आता कल्पना करा : विद्यार्थिनी परदेशातून परवाना घेऊन आली, अभ्यासाला बसली, पहिल्या प्रयत्नात एक विषय राहिला, पुढच्या परीक्षेची वाट पाहिली, रेडिओ टेलिफोनीच्या, म्हणजे विमानातून रेडिओवर संभाषण करण्याच्या, परीक्षेची तारीख आणखी लांबली. या काळात सहा महिने कधी संपले ते कळतही नाही. मग तेच तास आणि त्याच चाचण्या इथे नव्याने पैसे भरून कराव्या लागतात, मल्टी-इंजिन विमानासाठी तर रांगेत थांबावे लागते. अंदाजपत्रकात हा खर्च कोणीच धरलेला नसतो. लेखी परीक्षा आणि शक्य असल्यास रेडिओ टेलिफोनीची परीक्षाही उत्तीर्ण होऊन जी मुले विमानात बसतात, ती परतल्यावर थेट कागदपत्रांच्या कामाला लागतात.

आता पैशांविषयी. जाहिरातीतील आकडा हा जवळजवळ नेहमी किमान तासांवर बेतलेला असतो. किमान तासांत परवाना मिळवणारे विद्यार्थी असतात, परंतु त्यांची संख्या कमी असते. हवामानाने खंड पडला की आधीचा धडा पुन्हा उडवावा लागतो, चेक राइडमध्ये, म्हणजे परीक्षकासोबतच्या उड्डाण चाचणीत, एखादा भाग राहिला की फेरचाचणी द्यावी लागते आणि दोन्हींचे बिल वेगळे येते. म्हणून संस्थेकडून लेखी विचारून घ्या : विमानाचा ताशी दर इंधनासह आहे की इंधनाविना, इंधन महागल्यास अधिभार लागतो का, वेळ इंजिन सुरू झाल्यापासून मोजतात की इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या टॅकोमीटरने, कारण जमिनीवर हळू चालताना या दोन घड्याळांत फरक पडतो, इन्स्ट्रक्टरचे उड्डाणापूर्वीचे व नंतरचे मार्गदर्शन वेगळे आकारतात का, परीक्षकाचे शुल्क, लँडिंग शुल्क, विमा, हेडसेट, पुस्तके, गणवेश यांपैकी काय त्या रकमेत आहे आणि काय नाही. त्यात व्हिसा, विमान प्रवास, घरभाडे, जेवण, विमानतळापर्यंतची रोजची ये-जा आणि त्या देशाची वेगळी वैद्यकीय तपासणी मिळवा. एवढ्या सगळ्यावर निदान १५ ते २० टक्के राखीव रक्कम बाजूला ठेवा. ही टक्केवारी कोणत्या नियमातली नाही. अनेक घरांची अंदाजपत्रके आणि नंतरचा प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे जे मत झाले, ते मी सांगतो आहे.

परवाना हाती आल्यावरही खर्च थांबत नाही. विमान कंपनीत बसण्यासाठी एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता, लागते. कंपनी ते करून देईल किंवा उमेदवाराला स्वतः करावे लागेल. स्वतः करायचे झाल्यास खर्च दोन अंकी लाखांत जातो. परवाना आणि पहिली नोकरी यांच्यामध्ये कित्येक महिने, कधी त्याहून अधिक काळ जाऊ शकतो. त्या काळात परवाना चालू ठेवण्यासाठीही थोडेफार उड्डाण करावे लागते.

संस्थेने टप्प्याटप्प्याने पैसे घेण्यास नकार दिला, तर ती संस्था सोडून द्यावी असा माझा स्पष्ट सल्ला आहे. प्रवेशाच्या वेळी मर्यादित अनामत, त्यानंतर प्रत्येक टप्प्याच्या आरंभी त्या टप्प्याचे पैसे आणि मधेच सोडल्यास न वापरलेल्या तासांची परतफेड किती दिवसांत होईल याचे लेखी कलम, एवढे मागणे रास्त आहे. शेवटी सल्लागाराला एक विनंती करा : गेल्या दोन वर्षांत या संस्थेत गेलेल्या दहा भारतीय विद्यार्थ्यांची प्रशिक्षण सुरू झाल्याची, ते संपल्याची आणि डीजीसीएचा परवाना हाती पडल्याची तारीख द्या. नावे नकोत, फक्त तारखा द्या. या तीन तारखांमधील अंतर पाहिल्यावर सवलतीचा विचार करण्याची गरज बहुधा उरणार नाही.

प्रश्न : अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका अशा तीन देशांतील संस्थांची पत्रके माझ्याकडे आहेत. प्रत्येकात व्यावसायिक परवान्याचे तास वेगळे दिले आहेत. ज्या देशात तास कमी, तिथे खर्चही कमी असे समजावे का? – एक विद्यार्थी

उत्तर : असे समजू नये. १९४४ च्या शिकागो कराराने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीची चौकट घालून दिली आणि त्या चौकटीत बसणारे परवाने सदस्य देश एकमेकांचे विचारात घेतात. तरी प्रत्येक देशाचा कायदा स्वतंत्र आहे आणि तासांचा हिशेबही स्वतंत्र आहे. ऑस्ट्रेलियात सलग, एकात्मिक अभ्यासक्रमातून १५० तासांत व्यावसायिक परवाना मिळू शकतो. अमेरिकेत ‘पार्ट १४१’ या नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेत १९० तास, तर ‘पार्ट ६१’ खाली २५० तास लागतात. दक्षिण आफ्रिकेत सर्वसाधारणपणे २०० तास. तुम्हाला डीजीसीएकडे मात्र २०० तास दाखवायचे आहेत. म्हणजे १५० तासांच्या पत्रकात तुमच्यासाठी ५० तासांचे बिल दडलेले आहे आणि १९० तासांच्या पत्रकात १० तासांचे. तेव्हा तिन्ही पत्रके समोर ठेवून प्रत्येकाचा खर्च २०० तासांपर्यंत वाढवून मांडा आणि मगच तुलना करा.

एकूण तासांपेक्षाही तासांचा प्रकार महत्त्वाचा आहे. पायलट-इन-कमांडचे १०० तास, त्यांत क्रॉस-कंट्रीचे किमान २० तास, एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचे आणि त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेले लँडिंग, उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे किमान १० तास व त्यांपैकी सिम्युलेटरवरचे ५ पेक्षा अधिक नाहीत, रात्रीचे किमान ५ तास व १० उड्डाणे-अवतरणे : या प्रत्येक रकान्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवायचा असतो.

अलीकडेच अमेरिकेहून परतलेल्या एका विद्यार्थ्याची लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, माझ्या टेबलावर होती. हस्ताक्षर सुरेख, नोंदी नीट, प्रत्येक पानाखाली बेरीज. पायलट-इन-कमांडच्या रकान्याची अखेरची बेरीज होती १०८ तास. परंतु पाने उलटताना दिसले की कितीतरी ओळींमध्ये तोच १.३ तास ‘ड्युअल’च्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकण्याच्या, रकान्यातही आहे आणि ‘पीआयसी’च्या, म्हणजे पायलट-इन-कमांडच्या, रकान्यातही. अमेरिकी नियमांनुसार हे चालते : प्रायव्हेट परवाना मिळालेला विद्यार्थी शेजारी इन्स्ट्रक्टर असतानाही, नियंत्रणे एकट्याने हाताळली असल्यास ती वेळ पायलट-इन-कमांड म्हणून लिहू शकतो. डीजीसीए मात्र शिकताना झालेला तास शिकण्याचाच धरते. असे दुहेरी लिहिलेले २७ तास पेन्सिलीने खुणा करत आम्ही दोघांनी मिळून वजा केले आणि उरले ८१. शंभराला १९ कमी. तो मुलगा बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिला. तिथे असताना हे कळले असते, तर नियोजनात थोडा बदल करून ते १९ तास त्याच पैशांत बसवता आले असते, इथे ते नव्याने उडवावे लागले.

आणखी एक बारीक गोष्ट. अमेरिकेत वेळ दशांशात लिहितात, आपल्याकडे तास आणि मिनिटांत. १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटे, १ तास ३० मिनिटे नव्हे. रूपांतराच्या अर्जात ही चूक झाली की बेरजा जुळत नाहीत आणि फाइल परत येते. दोघे विद्यार्थी एकत्र उडताना एकाने ‘सेफ्टी पायलट’ म्हणून, म्हणजे दुसरा उडवत असताना बाहेर लक्ष ठेवणारा वैमानिक म्हणून, लिहिलेल्या तासांवरही विसंबू नये. निघण्यापूर्वी लॉगबुकच्या प्रत्येक पानावर संस्थेच्या मुख्य इन्स्ट्रक्टरची सही व शिक्का, चाचण्यांचे परीक्षकाने सही केलेले अहवाल आणि प्रशिक्षणाची प्रमाणित नोंद घेऊनच विमानात बसावे. परतल्यावर डीजीसीए परवान्याची खातरजमा थेट त्या देशाच्या प्राधिकरणाकडून करून घेते. ती विनंती वेळेवर जाईल याकडेही लक्ष द्यावे लागते.

देश निवडताना हवामान, शिकवण्याची भाषा आणि विमानांची संख्या यांना मी ताशी दरापेक्षा अधिक वजन देतो. कागदावर स्वस्त असलेल्या संस्थेत साठ विद्यार्थ्यांमागे चार विमाने उडण्याजोगी असतील, तर दहा महिन्यांचा अभ्यासक्रम वीस महिन्यांवर जातो आणि वाढलेल्या दहा महिन्यांचे भाडे व जेवण ताशी दरातील सगळी बचत खाऊन टाकते. एकूण विमाने किती असे विचारू नका, आज सकाळी त्यांपैकी किती आकाशात होती असे विचारा.

प्रश्न : मुलाच्या प्रशिक्षणासाठी काही रक्कम आमच्या बचतीतून आणि उरलेली शैक्षणिक कर्जातून उभी करायची आहे. परदेशी पैसे पाठवताना कर कापतात असे ऐकले. शिवाय कर्जाचा हप्ता किती बसेल याचा अंदाज येत नाही. घर तारण ठेवावे लागेल, याची मनात धास्ती आहे. – एक आई

उत्तर : तुमची धास्ती योग्य आहे. तिच्याकडे दुर्लक्ष न करता आकडे कागदावर मांडणे हाच तिच्यावरचा इलाज आहे.

परदेशी रक्कम पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना आहे. तिच्याखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, त्यामुळे मर्यादेची अडचण तुम्हाला येणार नाही. यात जो कर गोळा होतो त्याला टीसीएस म्हणतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर तो लागत नाही. याआधी ही मर्यादा ७ लाख होती. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो अजिबात लागत नाही. स्वतःच्या बचतीतून शिक्षणासाठी १० लाखांच्या वर पाठवल्यास २०२५-२६ या वर्षासाठी त्या वरच्या रकमेवर ५ टक्के दर होता. उदाहरणार्थ १८ लाख पाठवल्यास ८ लाखांवर ४०,००० रुपये. हा दर अर्थसंकल्पानुसार बदलतो, म्हणून पाठवण्याच्या दिवशीचा दर बँकेकडून लेखी घ्यावा. अर्जात हेतू ‘शिक्षण’ असाच नोंदला गेला आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे, कारण अन्य अनेक हेतूंसाठीचा दर कितीतरी जास्त आहे. हे पैसे बुडत नाहीत. ज्याच्या पॅनवर कर जमा झाला, त्याच्या विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. मात्र परतावा येईपर्यंत रक्कम अडकून राहते, एवढे नियोजनात धरावे. मर्यादा पाठवणाऱ्या व्यक्तीनुसार असल्याने आई व वडील दोघांनी आपापल्या बचतीतून, आपापल्या खात्यातून रक्कम पाठवणे रीतसर आहे.

आता कर्ज. समजा ५० लाखांचे कर्ज आहे, व्याज १०.५ टक्के आणि परतफेड १० वर्षांची. मासिक हप्ता सुमारे ६७,५०० रुपये बसेल. परंतु अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढील साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, व्याज मात्र चढत राहते. पूर्ण रक्कम दोन वर्षे वापरात राहिली, तर सरळ व्याजानेसुद्धा १० लाख ५० हजार रुपये होतात. ते भरले नाही आणि मुद्दलात मिळवले गेले, तर हप्ता सुमारे ८१,६०० रुपयांवर जातो. महिन्याला चौदा हजारांचा हा फरक आहे, तोही दहा वर्षे. म्हणून शक्य असल्यास अभ्यासक्रम चालू असतानाच व्याज भरत राहावे आणि बँकेकडून रक्कम टप्प्याटप्प्याने उचलावी. जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज लागते आणि संस्थेला आगाऊ पैसे जाण्याचा धोकाही आपोआप कमी होतो.

व्याजावर आयकराच्या कलम ८०ई खाली ८ वर्षांपर्यंत वजावट मिळत आली आहे, तिला रकमेची वरची मर्यादा नाही. पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली निवडलेल्या पालकांनी ती हिशेबात धरू नये.

रुपया आणि डॉलर यांच्यातील चढ-उताराचाही विचार करा. ६०,००० डॉलरच्या खर्चात डॉलर एका रुपयाने वधारला की तुमचा खर्च ६०,००० रुपयांनी वाढतो. चार रुपयांनी वधारला तर २ लाख ४० हजार. कर्ज मंजूर करून घेताना आजच्या दराने अगदी काठोकाठ रक्कम मागू नका.

घर तारण ठेवण्याविषयी माझे मत विचाराल, तर ते एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. परवाना मिळाल्यावर दोन वर्षे मुलाला नोकरी लागली नाही, तर हप्ता तुमच्या सध्याच्या उत्पन्नातून, घरखर्च सांभाळून भरता येईल का? येत असेल तर पुढे जा. येत नसेल तर खर्च कमी करण्याचा मार्ग आधी शोधा : एखादे वर्ष थांबून लेखी परीक्षा इथे पूर्ण करणे, त्या काळात बचत वाढवणे, किंवा प्रशिक्षणच भारतात घेणे. मुलाला हा हिशेब दाखवा. अठरा-एकोणीस वर्षांची मुले आकडे समजून घेतात आणि घराने आपल्यासाठी काय पणाला लावले आहे हे जाणून अधिक मन लावून शिकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मग भारतातच प्रशिक्षण का घेऊ नये?

उत्तर : अवश्य घ्यावे, जागा मिळत असेल तर. उत्तर प्रदेशातील फुर्सतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी किंवा महाराष्ट्रातील गोंदिया येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था यांसारख्या ठिकाणी शिकल्यास परवान्याच्या रूपांतराचा प्रश्नच येत नाही आणि चलनाच्या दराची चिंताही राहत नाही. मर्यादित जागा, प्रवेश परीक्षा, पावसाळ्यातील व धुक्यातील खंड या अडचणी इथे आहेत. परदेशाचा मुख्य लाभ म्हणजे वेग. तो वेग मिळणार नसेल, तर परदेशी जाण्याचे निम्मे कारण संपते.

प्रश्न : अमेरिकेत शिकताना अर्धवेळ काम करून खर्चाला हातभार लावता येईल का?

उत्तर : नाही. उड्डाण प्रशिक्षणासाठी बहुतेकांना मिळणाऱ्या एम-१ व्हिसावर शिकत असताना काम करता येत नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, अशी जास्तीत जास्त सहा महिन्यांची प्रत्यक्ष प्रशिक्षणाची मुभा असते, तीही अर्ज मंजूर झाल्यावर. ‘तिकडे इन्स्ट्रक्टर होऊन पैसे वसूल करता येतील’ असे कोणी सांगितले, तर ते कोणत्या व्हिसावर, हे लेखी मागा. अंदाजपत्रक शून्य कमाई धरूनच करावे.

प्रश्न : मला चष्मा आहे. वैमानिक होता येईल का?

उत्तर : चष्मा लावून प्रत्येक डोळ्याची दृष्टी ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ होत असेल, तर केवळ चष्म्यामुळे कोणी अपात्र ठरत नाही. रंग ओळखण्याची क्षमता मात्र कोणत्याही चष्म्याने सुधारत नाही, म्हणून ती तपासणी सर्वांत आधी करावी.

प्रश्न : मी सध्या परदेशात प्रशिक्षण घेत आहे. जवळजवळ ९० तास झाले आहेत. दोन महिन्यांपासून संस्थेची बहुतेक विमाने दुरुस्तीसाठी उभी आहेत, आठवड्याला एक उड्डाणही मिळत नाही आणि पुढच्या टप्प्याचे पैसे भरण्याचा तगादा सुरू आहे. घरी सांगण्याचे धाडस होत नाही. काय करू? – एक विद्यार्थी

उत्तर : आज रात्रीच घरी सांगा. तुमच्या हातून काही वावगे झालेले नाही, आणि पुढचे निर्णय एकट्याने घेण्याजोगे नाहीत.

पुढच्या टप्प्याचे पैसे भरू नका. कर्ज असेल तर बँकेला ईमेल करून पुढील हप्ता तुमच्या लेखी संमतीशिवाय संस्थेला देऊ नये असे कळवा. संस्थेकडे खात्याचा उतारा मागा : किती जमा, किती तासांचे बिल झाले, किती शिल्लक. तोंडी उत्तर स्वीकारू नका. गेल्या दोन महिन्यांत तुम्ही किती वेळा उड्डाणासाठी नाव नोंदवले आणि किती वेळा ते रद्द झाले, याची तारखांसह यादी आजच करा. परतफेडीच्या कलमावर बोलण्याची वेळ आली, तर हीच यादी तुमच्या बाजूने उभी राहील.

त्यानंतर व्हिसाचा विचार करा. तुम्ही अमेरिकेत एम-१ व्हिसावर असाल, तर पहिल्या सहा महिन्यांनंतर संस्था बदलणे केवळ तुमच्या आवाक्याबाहेरच्या कारणांसाठीच शक्य असते. म्हणून संस्थेतील विद्यार्थी-व्हिसा अधिकाऱ्याला परिस्थिती लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा. न कळवता वर्ग सोडणे किंवा थेट मायदेशी निघणे टाळा, त्याने पुढचा व्हिसा अडचणीत येतो. अन्य देशात असाल, तर तिथले नियम वेगळे असतील, पण आधी कळवून मग हलायचे हा क्रम तोच ठेवा.

दुसरी संस्था शोधताना घाई करू नका. शक्य असल्यास एक दिवस तिथे प्रत्यक्ष जाऊन बसा. सकाळी विमाने बाहेर निघतात का, दुपारी विद्यार्थी वाट पाहत बसलेले दिसतात का, हे एका दिवसात कळते. तिथे नाव घालण्यापूर्वी त्यांच्याकडून लेखी घ्या की तुमच्या ९० तासांपैकी किती तास ते मान्य करतील आणि कोणते धडे पुन्हा उडवावे लागतील.

तुम्ही उडवलेले ९० तास तुमचे आहेत. संस्था बदलली, बंद पडली किंवा वाद झाला, तरी ते कोणी काढून घेऊ शकत नाही, मात्र त्यांचा पुरावा हाती हवा. मुख्य इन्स्ट्रक्टर अजून तिथे आहेत तोवर लॉगबुकवर आजच्या तारखेपर्यंत सही व शिक्का घ्या, प्रशिक्षण नोंदवहीची प्रमाणित प्रत मागा, आणि लॉगबुकच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र काढून आजच घरी पाठवून ठेवा.